काटोलची बायजाबाई

प्रिय मामा,

अक्षर ओळखीचं वाटते ना? घाई करू नको. तू बावीस वर्षं क्राइम रिपोर्टर होता, चोर कबुली कशी देते ते तुले माहीत आहे. आधी घरचं सांगते, मंग इकडचं तिकडचं, अन् मुद्द्याचं सगळ्यात शेवटी. मी बी तसंच सांगून राहिलो. मी रोशन, तुह्या नंदिनीताईचा पोरगा. आठ वर्षांत नुसता उंचीनं वाढला, असं आई म्हणते.

तर घरचं ऐक. बाबा आता शाळेची व्हॅन चालवते. पोट्टे त्याईले भैय्याजी काका म्हणते अन् त्याईच्या खिशातल्या गोळ्या काढून खाते. पायल नर्सिंगले आहे, येता जाता सगळ्यांचं बीपी मोजते. मी बारावीले दोनदा बसलो अन् दोनदा उठलो. आता इथंच नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात मोबाईल सुधरवतो. दर मंगळवारी काटोलले जातो, तिथं अंकित म्हणून दोस्त आहे, स्टँडजवळ त्याचा पानठेला आहे. काटोल म्हटल्याबरोबर तुहे कान उभे झाले असतीन. थांब जरा.

तुले मगर आठवते का? मी पाचवीत होतो. आवाज जाड करून तुह्या ऑफिसात फोन लावला का अंबाझरी तलावात मगर निघाली. तू फोटोग्राफर घेऊन धावत गेला, पण छापलं नाही. चौकीदाराले विचारलं, मासे धरणाऱ्याले विचारलं, चहावाल्याले विचारलं, अन् संध्याकाळी घरी येऊन माहा कान धरला. म्हणे, बेट्या, तीन जणाले विचारल्याशिवाय माहा पेन चालत नाही. मंग बर्डीच्या बाजारात नेऊन मले सांबारवडी खाऊ घातली. तेव्हापासून आपल्या घरी तो नियमच झाला. डब्यातला लाडू कोणं खाल्ला हे बी आई तिघांले विचारे, अन् तिघं बी माहंच नाव सांगे.

मंग बाबाचं ते झालं. कळमेश्वरच्या गोदामातली चोरीची तांब्याची तार बाबाच्या टेम्पोत सापडली. बाबाले वाटे संत्र्याचे खोके भरले आहेत. पोलिसांनी नाव दिलं अन् तू छापलं. पुरं नाव, जरीपटक्यासकट. आपल्या माणसाचं नाव लपवलं असं कोणी म्हणू नये म्हणून तू घाई केली असन, हे आता समजते मले. पण त्या दिवशी तू एकालेच विचारलं, मामा. आई म्हणे, त्यानं छापलं याचा राग नाही, मले विचारलं नाही याचा आहे. पाच महिन्यांनी खरे चोर सापडले, बाबा मोकळे झाले, ते पान सातवर तीन ओळीत आलं. त्याच महिन्यात तू नोकरी सोडली. हे आम्हाले शेजारच्या वामनरावांनी सांगितलं. आईनं ऐकलं अन् पाणी भरायले निघून गेली.

मंग तू खुनाच्या रहस्यकथा लिहायले लागला. तुहं पहिलं पुस्तक मीच घरी आणलं, बर्डीवरून. आईनं दोन दिवस हात नाही लावला. तिसऱ्या दिवशी पाहतो तर त्याले शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर चढवलेलं, तुहं नाव दिसू नये म्हणून. अन् पोळ्या लाटता लाटता ती मले म्हणते, कंपाउंडरनं मारलं बे त्या सावकाराले. मी शेवटचं पान पाह्यलं तर कंपाउंडरच. आई अजून पान साठवर होती.

आता एवढा माल हातात असल्यावर माह्यासारखा माणूस चूप बसते का? मी कागद घेतला अन् लिहून टाकलं: लेखक भाऊ, तुमचा खुनी मले पान साठवरच दिसला, मंग पुढचे दीडशे पानं तुम्ही काहून चालवले? अन् तुमच्या गोष्टीत मे महिन्यात संत्र्याचे ट्रक भरून राहिले, ते कोणत्या झाडाचे? खाली सही केली, बायजाबाई, काटोल. पत्ता अंकितच्या ठेल्याचा दिला.

हो मामा. मीच तो. तू उत्तरात लिहिलं होतं का चौथी शिकलेल्या बाईची एवढी समज मी पाह्यली नाही. माहं अक्षर पाहून तू चौथी म्हटलं, हे मी मनावर घेतलेलं नाही.

मले वाटलं, एका पत्रात मजा संपली. पण तुहं उत्तर आईच्या हाती लागलं. दोन्ही पानं तिनं उभ्यानं वाचले. मी दरवाज्याकडे सरकून राहिलो होतो, तर म्हणते, पेन घे. लिही त्याले, नवरा धरून नेला तेव्हा बाईले रडताना दाखवलं ते खोटं आहे. बाई अशा टायमाले रडत नाही, भांडे घासते. मी लिहिलं. बाबाले नेलं त्या दिवशी तिनं घरातले सगळे भांडे दोनदा घासले होते, ते मले आठवलं. तुह्या पुढच्या पुस्तकात बाई भांडे घासत होती.

तेव्हापासून असंच चालू आहे. ती सांगते, मी लिहितो, अन् काटोलचा शिक्का पडावा म्हणून अंकित तिथल्या पेटीत टाकते. एका पुस्तकात तू खुनी पान एकशे चाळीसपर्यंत लपवला, तिनं नव्वदवर धरला. तुहे सगळे पत्रं ती गॅसच्या पुस्तकात ठेवते, सिलिंडरवाल्यानं मागितलं तर आधी ते काढून घेते.

एकदा मी माह्या मनानं एक ओळ टाकून राहिलो होतो. लेखक भाऊ, तुमच्या पाचही पुस्तकात पहिला संशय ड्रायवरवर येते अन् पाचही वेळा तो निर्दोष निघते, तुम्हाले दुसरं काही सुचत नाही का? आईनं पेन धरला माहा. म्हणे, ते खोड. ते त्यानं बायजाबाईसाठी नाही लिहिलं.

आता मुद्द्याचं. तुहं परवाचं पत्र भेटलं, का सहावं पुस्तक बायजाबाईले अर्पण केलं अन् रविवारी पहिली प्रत घेऊन तू स्वतः काटोलले येऊन राहिला. नको जाऊ गा. तिथं अंकित तुले सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून देईन, बायजाबाई नाही. इकडे जरीपटक्यात ये. पण असं एकाएकी कसं बोलवू, तुहाच नियम आहे, म्हणून तिघांले विचारलं. बाबा म्हणे, येऊ दे, त्याची नोकरीच तशी होती. पायल म्हणे, येऊ दे, त्याचं बीपी पाहते. आईले विचारलं तर ती हो बी नाही म्हणे अन् नाही बी नाही म्हणे. लाटणं थांबवून एवढंच विचारलं, का पुस्तकामागच्या फोटोत त्याचा चष्मा तोच जुना दिसते, दांडीले दोरा बांधलेला, कोणी बदलून देत नाही का त्याले? आता याचा अर्थ हो होते का नाही, ते माह्या शिक्षणाच्या बाहेरचं आहे. तू येऊन तिलेच विचार. या टायमाले पहिलं तिले.

तुहाच मगरवाला,
रोशन