हंसाच्या चोचीतली सोयरीक

खालापूर, १२ नोव्हेंबर

ती. किशोरमामास,
निशिगंधाचा वाकून नमस्कार, जरा रागातच.

उजेडाने रात्रीची नजर बिघडते म्हणून तुम्ही मोबाइल तांदळाच्या पिंपात पुरून ठेवलात, तेव्हा हे पत्र जितेशच्या दुधाच्या टेंपोने पळसदरीला पाठवते आहे. परवा देवेश तुमची पसंती घ्यायला आला. लोक आधी चहा विचारतात. तुम्ही त्याला थेट दुर्बिणीपाशी नेलंत आणि हंस तारकासमूहाच्या चोचीतला जोडतारा बघ म्हणालात. त्याने एकच तारा दिसतो असं सांगितलं, तर ज्याला दोन दिसत नाहीत त्याच्यासाठी मी भाचीला मांडवात आणणार नाही, असं जाहीर करून मोकळे झालात. मामाने आणल्याशिवाय आपल्याकडे नवरी उभी राहत नाही, हे ठाऊक असून. आई म्हणते, किशोर येडा हाय, पण मामा तोच एक हाय. मला देवेशशीच लग्न करायचं आहे, मामा. हट्ट सोडा.

तुमची (अजून लाडकी असेन तर),
निशिगंधा

पळसदरी, १५ नोव्हेंबर

चि. निशिगंधास मामाचे पोटभर आशीर्वाद.

देवेश रोज संध्याकाळी येतो. आता त्याला दोन्ही दिसतात, एक पिवळा, एक निळा. पण काल त्याचे वडील आणि तुझी आईही आली आणि घोळ झाला. जोडीतला नवरा कोणता, असं विचारून व्याह्यांनी मोठा म्हणून पिवळा वरपक्षाकडे घेतला. मी समजावलं, ताऱ्याचा रंग त्याच्या तापावर ठरतो. भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, तारा त्याहूनही तापला की निळसर. म्हणजे निळा जास्त तापलेला. ते म्हणाले, न्हाणीघरात निळा नळ गारच असतो. पटलं तेव्हा मात्र त्यांना निळा हवा झाला, सून मुलापेक्षा गरम नको म्हणे. तुझ्या आईने निळा सोडायला साफ नकार दिला. चहा तसाच राहिला.

त्यातून हे दोघे खरोखर एकमेकांभोवती फिरतात की नुसते शेजारी दिसतात, हे शास्त्रज्ञांचंही अजून पक्कं नाही. फिरत असले तर एका फेरीला कदाचित लाखभर वर्षं लागतील. ते ठरेपर्यंत मुहूर्त थांबवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईला सांग, रागावू नको.
किशोरमामा

खालापूर, १७ नोव्हेंबर

ती. मामास नमस्कार. आजचं पत्र बसून वाचा.

लाखभर वर्षांनी हॉल मिळेल, पण मी नसेन. काल मी आले होते. तुम्ही चहा टाकायला आत गेलात तेव्हा मी दुर्बिणीतून पाहिलं. ती जोडताऱ्यावर नव्हतीच, जवळच्या एका एकट्या ताऱ्यावर होती. आई आणि सासरे ज्या निळ्यासाठी भांडले, तो त्यांना दिसलाच नव्हता. मागे राहायला नको म्हणून दोघांनीही मान डोलावली असणार.

देवेशने पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं. आता दोन दिसतात म्हणतो, ते खोटं. मी खोदून विचारल्यावर म्हणाला, मामांनाच निळा दिसत नसावा, चारचौघांत त्यांना कमीपणा नको. मामा, मोतीबिंदू वाढला की निळे रंग आधी फिके होतात म्हणे. मला फार काळजी वाटते. खरं काय ते लिहा.

तुमचीच,
निशिगंधा

पळसदरी, १९ नोव्हेंबर

चि. निशे, आशीर्वाद.

खरं आहे. निळा मला बऱ्याच दिवसांत दिसलेला नाही. मी आठवणीतूनच सांगत होतो, दुर्बीण दुसऱ्याच ताऱ्यावर लागली तेही कळलं नाही. देवेश एकच म्हणाला तेव्हा मला वाटलं, निळा सगळ्यांच्याच आकाशातून गेला, आणि भीतीने मी त्याच्यावर उखडलो.

काल त्याने दुर्बीण नीट लावली आणि पिवळ्याच्या बाजूला निळा कुठे आहे, ते मला शेजारी बसून सांगत राहिला. जावई म्हणून मला तो मान्य आहे. मोतीबिंदू काढायला कर्जतला डॉक्टरांकडे तोच घेऊन जाणार आहे. मोबाइल पिंपातून काढला, पण त्यात तांदळातले टोके किडे शिरले आहेत.

मुहूर्त धरा. मांडवात मी काळा चष्मा लावून असेन. पाट दिसला नाही तर माझा हात घट्ट धर आणि मला ने. लोकांना वाटेल, मीच तुला आणतोय.

लोभ आहेच, तो आता देवेशलाही वाटून दे.
किशोरमामा