सहावीचे रिकामे बाक

८ डिसेंबर
सहावी बंद करणार म्हणे! तपासणीला आलेले साहेब पट बघून नाक मुरडत म्हणाले, "बाप लोखंड बाजारात हमाल, आई धुणंभांडी करणार. यांचे निकाल काय लागणार? आणि निकाल नाही तर नवी पोरं येणार कुठून?" जूनमध्ये सहावी भरली नाही, तर वर्ग हायवेपलीकडच्या शाळेत. कळंबोलीचा हायवे! कुठली आई पोरीला रोज तो ओलांडू देईल? मुलीच आधी घरी बसतील.
आमचे मुख्याध्यापक नंदकुमार सर नुसती मान डोलवत होते. मी साहेबांना चहासुद्धा विचारला नाही.

१५ डिसेंबर
शिष्यवृत्तीला आठवीचा अख्खा वर्ग बसवतेय. सर म्हणाले, "सुचिताबाई, हसं होईल." होऊ दे. गणितातले आंबे-पेढे काढले, सळया आणि ट्रक घातले. चार ट्रकांत साठ टन सळया, तर सात ट्रकांत किती — धडाधड हात वर. सोनमचा सगळ्यांत आधी. दोन वर्षांपूर्वी हिंगोलीकडून आली तेव्हा एका ओळीत चारदा अडखळायची ही पोर.

१७ डिसेंबर
आज ट्रक संपले, टँकर घेतले.

२० फेब्रुवारी
परीक्षा झाली. पेपर बरे गेलेत. सोनमची आई बयाबाई भेटायला आल्या होत्या. "बाई, आमी एप्रिलात गावाकडं चाललो. घरातलं लगीन हाय, यायला उशीर हुईल. आमच्या धाकट्या मैत्रीची जागा तेवढी ठिवा सहावीत." मला हसूच आलं. म्हटलं, अहो, जागेला काय तोटा? निम्म्या बाकांवर धूळ बसलीय. कधीही या.

२६ एप्रिल
नऊ जण! शिष्यवृत्तीत आमचे नऊ जण — आणि सोनम जिल्ह्याच्या यादीत! गावी फोन लावला, तर बयाबाई रडायलाच लागल्या. मग मीही. सर पेढे वाटत सुटलेत. साहेबांचा फोन: "मला खात्री होतीच." मी फक्त "हो का" म्हणाले.

१६ जून
गेटबाहेर गाड्यांची रांग. समोरच्या टॉवरमधल्या अरुणा मॅडम आमच्या पोरांना सोसायटीच्या सावलीतसुद्धा उभं राहू देत नसत. आज लेकाला घेऊन हजर. "टीचर, प्लीज अ‍ॅडजस्ट करा ना. तुमच्या शाळेचा रिझल्ट काय भारी लागलाय." जरा बसावं लागेल, म्हटलं. बसवलंही चांगलं. मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

१८ जून
सहावी भरली. शेवटच्या बाकासकट! वर्ग वाचला, हायवे टळला. सर म्हणाले, आता एकही नको, मुंगी शिरायला जागा नाही. गेटवरचा बोर्ड मी स्वतः रंगवला — "सहावीचे प्रवेश पूर्ण". ठळक, लाल अक्षरात. रस्ता ओलांडून दोनदा लांबून बघून आले. या शाळेला असा बोर्ड कधी लागलाच नव्हता.

२७ जून
बयाबाई गावाहून आल्या, दोन्ही पोरींना घेऊन. मी व्हरांड्यात होते. गेटपाशी थबकून म्हणाल्या, "काय लिवलंय गं?" सोनमने माझा बोर्ड आईला मोठ्याने वाचून दाखवला. न अडखळता.
धावत जाऊन तिघींना आत आणलं. सहावीच्या वर्गातलं माझं टेबल व्हरांड्यात काढलंय. तेवढ्या जागेत एक बाक बसतो.