प्रणालीच्या सात चुका

१२ ऑगस्ट, मंगळवार
माझ्या पीएच.डी.च्या वाचन चाचण्या. बाकी शाळा झाल्या, आजपासून माझाच तिसरीचा वर्ग. एकेका लेकराला व्हरांड्यात बसवून उतारा वाचून घ्यायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, चुकल्या शब्दावर काट. प्रणालीच्या सात चुका. ‘नाही’चं न्हाई, ‘मुलगा’चं पोरगं, ‘का’चं काहून. नियमाप्रमाणे काट मारली. ओंकार बिनचूक. भराभर वाचतो, कुठं अडत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
निकालावरून गट पाडले. प्रणाली अक्षरओळखीच्या गटात. दप्तर उचलून मागच्या सतरंजीवर जाऊन बसली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
प्रणालीची आई खुरपणीवरून थेट शाळेत. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. पोरगी आता घरी पुस्तक उघडत नाही म्हणे. आधी आजोबांना रोज पेपर वाचून दाखवायची, त्यांना दिसत नाही म्हणून.
‘बाई, तिला वाचता येत न्हाई म्हन्ता तुमी. मंग इतके दिवस घरात काय वाचून राहिली होती ती?’
मी नियम सांगायला लागले. मधेच थांबले.

२४ ऑगस्ट, रविवार
सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. उताऱ्यातला मुलगा हरवलेली शेळी शोधतो. प्रणाली ‘पोरगं’ म्हणते तेव्हा ते तिला दिसत असतं. सातातली एकही चूक अर्थ बिघडवत नाही. ओंकारला शेवटी विचारलं होतं, शेळी कुठं सापडली? नुसती शांतता. त्या प्रश्नाला गुण नव्हते, म्हणून तेव्हा लक्षच दिलं नाही.
डी.एड.ला जाईपर्यंत मी पण न्हाईच म्हणायचे. वसतिगृहात मुली हसल्या. आठवड्यात जीभ वळवली. ते शिक्षण होतं की...

२६ ऑगस्ट, मंगळवार
गाईड सरांना फोन. म्हणाले, मोजायचा नियम मधेच बदलला तर बाकी शाळांशी तुलना कशी करणार? प्रबंधाच्या ‘मर्यादा’ या भागात एक परिच्छेद लिहा. त्यांचंही चूक नाही. नियम बदलायचा तर सगळ्या शाळा पुन्हा पहिल्यापासून, वर्ष गेलं. विचार करून कळवते म्हटलं.

१ सप्टेंबर, सोमवार
गट मोडले. ते तरी माझ्या हातात आहे. प्रणालीला पुढं बसवलं, वर्गासमोर सांगितलं की मोजताना माझं चुकलं. नवा धडा वाचायला दिला. पहिली ओळ बरी गेली. मग ‘नाही’ आलं. थांबली.
‘बाई, हितं तुमच्यावानी म्हनू का आमच्यावानी?’
तुला वाटेल तसं वाच, म्हणता आलं असतं. पण पुढच्या वर्षी बाई दुसऱ्या असतील, आणि त्यांच्या हातात चुका मोजायचा असाच तक्ता.
दोन्ही म्हण, म्हटलं.
दोन्ही म्हणाली. माझं आधी, मोठ्यानं. तिचं नंतर, मला जेमतेम ऐकू आलं.
संध्याकाळी सरांचा फोन वाजून गेला. उचलला नाही.