डेसमंडने पुढे केलेला चेंडू

प्रिय मार्लीन,

मी ठीक आहे, गुडघाही फार कुरकुरत नाही. तुझा खोकला गेला का?

आपल्या डेसमंडला आजच्या बेसबॉल सामन्यातही सुरुवातीलाच पिचिंगवरून काढावं लागलं. चेंडू हवा तिथे जातच नाही त्याचा. मॅनेजर परवाच म्हणाला होता, "तो तुझ्या घरी राहतो, तुझी बायको त्याला जेवू घालते, म्हणून संघाने किती दिवस हरायचं? खालच्या संघात पाठवू त्याला." मीच अजून एक सामना मागून घेतला. तो त्याच्यासाठी मागितला की आपल्यासाठी, हे मला अजून कळत नाही.

एरवी त्याला बदलायचं म्हणून मी चेंडू मागायला मैदानात गेलो की तो चेंडू पाठीमागे लपवतो. "कोच, तुम्ही आपले जाऊन बसा. एवढा एक गडी बाद करतोच." आज मी पोहोचायच्या आधीच त्याने चेंडू पुढे धरला होता. म्हणाला, "घ्या. तुम्हाला मागायला लावत नाही."

त्याला खालच्या संघात पाठवायला मी मॅनेजरला हो म्हणालो आहे. डेसमंडला उद्या सकाळी मीच सांगेन.

शनिवारी तो सामान न्यायला येईल, तेव्हा मी संघाबरोबर दौऱ्यावरच असेन. त्याची खोली आधी आवरून ठेवू नकोस. आणि नको म्हणाला तरी जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस.

तुझा,
रसेल