माफ की शिक्षा?

११ जानेवारी २०२५, शनिवार

घेतला विकत! बावन्न वर्षांची इतिहासाची मास्तरीण, शिक्षक संघटनेची अध्यक्ष, युद्धाविरुद्ध वीस वर्षं घसा फोडणारी हेल्मी हकाला — आणि आज दुपारी पडदे ओढून तिने ‘कोल्ड क्रॉसिंग’ हा लढाईचा खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. चोरासारखा! आमच्या या खाणीच्या गावात, एव्हलेथमध्ये, उणे पंचवीस अंशांत माझ्या खिडकीत डोकावायला कोण येणार होतं, देव जाणे.

बावीस वर्षांपूर्वीचाच खेळ. कंपनीने घासूनपुसून नव्या रंगात परत आणलाय. चिखल आता खरा वाटतो. रक्त चकाकतं. सैनिकांना चेहरे आलेत. पूर्वी चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी चौकोन असायचा. चौकोनावर नेम धरणं सोपं होतं.

पूल मात्र तोच. नदी तीच. पाच मिनिटांत सात वेळा मेले.

१२ जानेवारी

मनगट दुखतंय. कोणाला सांगणार?

१८ जानेवारी, शनिवार

सौना पेटवला, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची आमची फिनिश लाकडी खोली. दगड तापायला दीड तास. पूर्वी शनिवारी चार वाजता याच दीड तासात आम्ही खेळायचो, मी आणि आर्विड, माझा धाकटा भाऊ. तळघरात दोन कॉम्प्युटर, मधे एक तार, आणि वरून आईची हाक, "पोरांनो, युद्ध संपलं असेल तर लाकडं आणा!" पोरं म्हणजे तीस वर्षांची मी आणि खाणीत ट्रक चालवणारा सव्वीस वर्षांचा तो.

खेळात पुलाच्या अलीकडे, नदीकाठी, एक लाकडी खोपटं आहे. काही उपयोगाचं नाही. तिथून नेम धरता येत नाही, लपलेला माणूस लगेच सापडतो. शहाणा खेळाडू तिकडे फिरकत नाही. पण आम्ही फिनिश घरातली पोरं. पाण्याकाठी लाकडी खोपटं दिसलं की तो सौनाच! डाव सुरू झाला की आधी दोघांनी आत जायचं, शेजारी शेजारी उकिडवं बसायचं, मनात तीस मोजायचे. मग आर्विड म्हणायचा, "पाणी टाक, हेल्मी," आणि आम्ही बाहेर धावायचो. या खुळापायी आमची तुकडी किती डाव हरली! इंटरनेटवरून खेळणारे तुकडीतले बाकीचे शिव्या घालायचे.

आज सहज तिकडे गेले. आत कोणीतरी बसलं होतं. उकिडवं, भिंतीकडे तोंड करून. डोक्यावर नाव: पोइका.

पोइका म्हणजे फिनिशमध्ये पोरगा. आई आर्विडला अशीच हाक मारायची. खेळात तो हेच नाव लावायचा.

मी शेजारी बसले. तीस मोजले. तो उठला, पुलाकडे धावला. मी मागून. दोघंही पुलावर मेलो.

सौनाची आठवण झाली तेव्हा भट्टी विझली होती.

२० जानेवारी

निदान इथे तरी लिहून टाकते.

२००५. आर्विड नॅशनल गार्डमध्ये, राखीव सैन्यात, भरती होऊन इराकला गेला होता. इथे कामगारांच्या लेबर हॉलमध्ये युद्धविरोधी सभा. चारशे माणसं. आमच्या आजोबांनी याच हॉलमध्ये खाणमालकांना हादरवलं होतं! मी उभी राहिले आणि दहा मिनिटांत सभा मुठीत आली. बोलणाऱ्याला ते कळतं — तळहातांना कळतं. आणि त्या नशेत मी म्हणाले, "माझा भाऊ लढायला गेलेला नाही! तळघरात खोटी माणसं मारून कंटाळला, म्हणून खरी मारायला गेलाय!"

टाळ्या. सगळा हॉल उठून उभा राहिला.

उभे होते तोवर तो दिसला नाही. लोक बसले तेव्हा दिसला. मागे, दाराशी, तो एकटाच उभा. गणवेशात. दोन आठवड्यांची रजा मिळाली होती. आम्हाला चकित करायचं म्हणून कळवलं नव्हतं.

वळला आणि गेला. पुढे अलास्का. वीस वर्षं झाली, एक शब्द नाही.

ते युद्ध चूक होतं. आजही म्हणेन, छपरावर उभी राहून म्हणेन! पण माझं ते वाक्य युद्धाविरुद्ध नव्हतंच. ते टाळीसाठी होतं.

२५ जानेवारी, शनिवार

चार वाजता पोइका खोपट्यात होता.

खेळता खेळता एकमेकांना लिहायची सोय आहे. एका वेळी साठ अक्षरं. माझी माफी चार पानांची आहे! तीन वेळा नव्याने लिहिली. तिसऱ्या वेळी तर त्यात ग्रीकांचं ट्रॉयचं युद्धही आलं. साठ अक्षरांत काय मावणार? "आर्विड?" एवढंच टाकलं.

तीस झाले, तो उठला आणि गेला.

हजार माणसांसमोर न अडखळणारी मी! एका नावापुढे प्रश्नचिन्ह टाकताना दोनदा चुकीची कळ दाबली.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मी त्याला मारलं.

मुद्दाम नाही. पुलावर धूर होता, तो डावीकडून आडवा आला, आणि मी गोळी झाडून बसले होते.

या खेळाचा एक नियम आहे. आपल्याच तुकडीतल्याची गोळी लागली, तर मेलेल्याला पडद्यावर विचारतात: माफ की शिक्षा? दहा सेकंद. शिक्षा दिली की मारणाऱ्याचे गुण कापतात. तीन शिक्षा झाल्या की तो डावाबाहेर.

आर्विड कायम माफ करायचा. मी कायम शिक्षा! तळघरात पलीकडून ओरडायचा, "अगं, सख्खा भाऊ आहे मी!"

"मग जरा जपून नेम धर!"

"दगड आहेस तू, हेल्मी. सौनातला. पाणी टाकलं तरी फिसकारतेसच!"

आज पहिल्यांदाच मी वाट बघत होते. माझ्या पडद्यावर आलं, "पोइका निर्णय घेत आहे." शेजारी आकडे. दहा. नऊ. आठ. मी खुर्चीच्या कडेवर. तीन. दोन. एक.

"निर्णय दिला नाही."

माफही नाही, शिक्षाही नाही. उरलेला डाव तो नदीच्या दुसऱ्या अंगाने खेळला.

४ फेब्रुवारी

तीन दिवस आतून जळतेय. मला काय म्हणून ताटकळत ठेवायचं? त्याचं काही चुकलंच नाही? २०११च्या मार्चमध्ये आई गेली. मी स्वतः फोन केला. पलीकडे श्वास ऐकू आला, मग त्याने फोन ठेवला. अंत्यविधीला आला नाही. फूल नाही, कार्ड नाही. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. पाद्रीबाबांनी विचारलं, मुलाची वाट बघायची का? मी म्हणाले, "मला भाऊ नाही."

शिक्षा द्यायचा हक्क कोणाला असेल, तर तो मला आहे!

७ फेब्रुवारी

डॅरल झुपान्चिच आला होता. माझा जुना विद्यार्थी. आता शाळेचे कॉम्प्युटर तोच बघतो. माझा माऊस बदलायला बोलावला, आणि पडद्यावरचं चित्र झाकायला विसरले!

"बाई! तुम्ही? हा खेळ? देवा, हे मी कोणाकोणाला सांगू!"

"कोणालाच नाही. इतिहासात तुला काठावर पास केलंय, लक्षात ठेव."

"पण बाई, यात माणसं उरलीत कुठे? बहुतेक बॉटच. यंत्राने चालवलेले गडी. रिकाम्या जागा भरायला कंपनीने सोडलेत. जुन्या डावांची रेकॉर्डिंग पाजून तयार केलेत म्हणे, नावंसुद्धा जुन्याच खेळाडूंची. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून."

"म्हणजे सवयीसुद्धा?"

"सगळ्या! एखादा पूर्वी झाडाआड मुतायला बसल्यासारखा बसत असेल ना, तर त्याचा बॉटही तसाच बसतो."

मी हसले. जोरात हसले.

"का हो बाई, कोणी ओळखीचं भेटलं का?"

"नाही रे," म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चार वाजले. कॉम्प्युटर लावला नाही. सौनात एकटी बसले. पाणी टाकलं. कोणी टाक म्हटलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

तीन शनिवार मी एका जुन्या रेकॉर्डिंगच्या शेजारी उकिडवी बसले.

१३ फेब्रुवारी

शाळेतून आले, कोटही काढला नाही. इंटरनेटची तार उपटली. आता डावात माणूस येणंच शक्य नाही, सगळे बॉट. आणि मी, जिने आयुष्यभर शांततेवर भाषणं दिली, तिने स्वतःच्याच तुकडीवर गोळ्या झाडल्या. पाठीत! एकामागून एक.

"माफ केलं." "माफ केलं." "माफ केलं."

पापणी लवायच्या आत. अकरा जणांना मारलं, अकरा माफ्या! इतकी स्वस्त माफी चर्चमध्येही मिळत नाही. बाराव्याला मारायला गेले आणि हात थांबला.

आकडे कुठे आहेत? दहा, नऊ, आठ कुठे? "निर्णय घेत आहे" हे एकदाही आलं नव्हतं.

डॅरलला फोन केला. त्याच्या मागे भांड्यांचा आवाज, जेवत होता.

"बॉटला विचारतच नाहीत, बाई. तो लगेच माफ करतो. बॉटही रुसायला लागले तर लोक खेळ परत करतील ना!"

"नेहमी लगेच?"

"नेहमी. रुसतो तो माणूस. का, काय झालं?"

मी फोन ठेवून दिला. अजून कोट अंगात आहे. अजून हात गार आहेत.

१ तारखेला आकडे शून्यापर्यंत गेले होते! कुठेतरी कोणीतरी, दोन कळांवर दोन बोटं ठेवून, दहाच्या दहा सेकंद बसला होता. आणि त्याला एकही दाबवली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चार वाजता खोपटं रिकामं. तीस मोजले. मग तीनशे मोजले. गेल्या शनिवारी तो इथे येऊन बसला असेल का? माझ्यासाठी किती मोजले असतील त्याने?

२२ फेब्रुवारी, शनिवार

होता. मी शेजारी बसले. तीस झाले, तो उठला, पण बाहेर गेला नाही. माझ्या मागे जाऊन उभा राहिला आणि पाठीत गोळी घातली. मुद्दाम.

आता प्रश्न माझ्या पडद्यावर. माफ की शिक्षा? आकडे सुरू झाले. त्यांच्याखाली त्याची अक्षरं उमटली: "आईच्या वेळी आलो नाही."

मला नऊ सेकंद लागले. माफ.