उत्तराचा ठोका

उस्ताद, काल केजला तुमच्या मुलीच्या दुकानात जाऊन मी कानाला लावायचं एक यंत्र घेऊन आलो. तुम्ही असता तर ते माझ्या हातातून ओढून घेतलं असतं, उलटंसुलटं करून बघितलं असतं आणि मग मला शिवी दिली असती. तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय ते लावायचा धीर होईना, म्हणून आज सुट्टीच्या दुपारी लिहायला बसलो आहे. मराठी तुम्हाला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली की तुम्ही माझ्याच हातात द्यायचात. आता ही चिठ्ठी तुम्हाला कोण वाचून दाखवणार, तो प्रश्न मी बाजूला ठेवतो.

मी आता केजच्या एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये आहे. पत्र्याची मोठी शेड, दहाबारा माणसं, आणि मी सोडून सगळ्यांच्या कानात काही ना काही. मागच्या महिन्यात साहेबांनी सांगितलं की कानात खोल बसणारं आणि बाहेरचा आवाज बंद करणारं काही चालणार नाही. ज्यात कान उघडा राहतो ते वापरा, नाहीतर गाणी घरी ऐका. सगळे कुरकुरले. बारा वर्षांत कामावर एक गाणं न ऐकलेला मी मात्र त्या दिवसापासून त्याच विचारात पडलो. आमच्या शेडमध्ये दिवसभर कुणीतरी लोखंड ठोकत असतं, आणि लागोपाठ दोन ठोके पडले की मी हातातलं टाकून धावतो. सगळे हसतात. 'मामा, तुमाला न्हाई बोलवलं,' म्हणतात. मला वाटलं, कानाशी बारीक आवाजात काही चालू राहिलं तर त्या ठोक्यांची धार जरा कमी होईल. हाक आली तर ऐकूही येईल.

ठोक्यांची सवय तुम्हीच लावलीत. चौसाळ्याच्या आपल्या गॅरेजात गाडीखालून ओरडायची पद्धत नव्हती. तोंड उघडलं की माती आणि ऑइल घशात जातं, आणि हायवेवरून ट्रक जात असले की ओरडलेलं कळतही नाही, असं तुमचं म्हणणं. खालून पान्याने चासीवर दोन ठोके म्हणजे इकडे ये. वरच्याने हातात असेल त्याने एक ठोका द्यायचा, म्हणजे आलो. पहिल्या महिन्यात माझा तो उत्तराचा ठोका दोनदा राहिला, तेव्हा तुम्ही सरपटत बाहेर येऊन माझ्या पाठीत एक घातलीत. "आवाज आला तर आला म्हणून सांगावं लागतं बे," एवढंच बोललात आणि पुन्हा खाली गेलात. चार वर्षांनी तुमचा लाकडी मुठीचा लांब पेचकस तुम्ही मला देऊन टाकलात. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, आणि डोळे मिटून सांगायचं की कुठलं बेअरिंग गेलंय. माझ्या बापाने मला घड्याळसुद्धा दिलं नव्हतं. तो पेचकस फडक्यातून सोडताना मला रडू आलं होतं, आणि तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलंत.

आणि त्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या कानात वायर बघितलीत. मोबाइल शर्टाच्या खिशात, वायर कॉलरच्या आतून वर, दोन्ही कानांत घट्ट बुचं. तुम्ही गिऱ्हाइकासमोर ती ओढलीत. "कान इंजनाला दे बे. गाण्यानं गाडी दुरुस्त होत न्हाई." गिऱ्हाईक हसलं. मी सव्वीस वर्षांचा होतो, माझं लग्न ठरलं होतं, आणि तो हसणारा माणूस माझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या गावचा होता. तो टेम्पो आपल्याकडे सोडून निघून गेला. तुम्ही टेम्पोखाली गेलात आणि मी मुद्दाम वायर पुन्हा कानात घातली. तुमच्याकडे पाठ करून फिल्टर धुवायला बसलो. जॅक कधी तिरपा झाला ते मला माहीत नाही. समोरचा चहावाला रस्ता ओलांडून पळत आला तेव्हा मला त्याचं तोंड हलताना दिसलं. आम्ही पहारीने गाडी उचलली. तुमच्या छातीवर भार आला होता, ओरडणं शक्यच नव्हतं. हातात पाना होता. तो सुटेना, मला तुमची बोटं एकेक करून उघडावी लागली. वायर मी त्याआधीच खिशात कोंबली होती.

सगळ्यांनी एकच विचारलं, तू तिथंच होतास, तुला ऐकू कसं आलं नाही. मी म्हणालो, कॉम्प्रेसर चालू होता. उस्ताद, त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. चहावाल्याला हे माहीत असणार. तो आजवर बोललेला नाही, आणि मी पुन्हा त्याच्या टपरीवर गेलेलो नाही. तुमचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचींनी कॉम्प्रेसर भंगारात घातला. यानं माझा माणूस खाल्ला, हा डोळ्यासमोर नको, म्हणाल्या. त्यांच्या सांगण्यावरून तो हातगाड्यावर मीच चढवला.

तुमची मुलगी तेव्हा शाळेत होती. आता नवऱ्याबरोबर एसटी स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवते, आणि मला अजून भैयाच म्हणते. मी काय हवंय ते सांगितल्यावर तिने तीन नमुने काचेवर मांडले. एक कानाच्या पाळीला बाळीसारखं अडकवायचं. ते हलकं होतं, पण ग्रीसच्या हाताने दिवसातून दहा वेळा पडलं असतं. दुसरं चष्म्याच्या काडीसारखं कानावरून घ्यायचं. आवाज चांगला, पण शेजाऱ्यालाही ऐकू जाणारा. तिसरं डोक्यामागून येणारी पट्टी. ते कानात जातच नाही, कानाजवळच्या हाडावर टेकतं. "हाडातून ऐकू येतं भैया," ती म्हणाली, "ढोल-ताशा तेवढा दमदार लागत न्हाई, पण कान पूर्ण मोकळा." मला पेचकसाची मूठ आठवली. मी तेच उचललं.

तिने ते स्वतःच्या मोबाइलला जोडून माझ्या डोक्यावर बसवलं, गाणं लावलं आणि म्हणाली, "अब्बांच्या टायमाला तो कॉम्प्रेसर चालू नसता, तर गेला असता तुमच्यापर्यंत आवाज. अम्मी आजून तेच म्हणती." तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल राग नव्हता, उलट मला धीर द्यायचा प्रयत्न होता. मग माझी परीक्षा घ्यायला ती मागे कपाटाकडे गेली आणि अंगठीने काचेवर दोन ठोके दिले. माझा हात आपोआप काउंटरवर पडला. एक ठोका. ती हसली. "आलं की ऐकू," म्हणाली. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. सांगायचं असतं तर तीच वेळ होती. मी पिशवी घेतली आणि बाहेर आलो.

तिला मराठी चांगलं वाचता येतं. उद्या दुपारी हे पत्र तिच्या काउंटरवर ठेवून येता येईल, ते काही लांब नाही. पण मला मी चांगला माहीत आहे. हे तुमच्या पेचकसाबरोबर त्याच फडक्यात गुंडाळलं जाईल, आणि ती मला भैया म्हणत राहील.

बारा वर्षं मी मनाशी सगळा दोष त्या बुचांना देत आलो, म्हणून तर उघड्या कानाचं यंत्र शोधत गेलो. पण एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत मध्ये थोडी शांतता असते. तिच्यात मला तुमचे दोन ठोके ऐकू आले होते. कान बंद असूनही आले. मला वाटलं, चौदाचा पाना मागताहेत. म्हटलं, वाजवू दे थोडा वेळ. शेजारी लोखंडी टब होता, हातात फिल्टरची जाळी होती, नुसता हात खाली आणायचा होता. तुम्ही पुन्हा वाजवलंत. मी गाण्याचा आवाज वाढवला.