जुन्या बोर्दोचा वारसदार

३ मार्च, सोमवार
बातमी पक्की. भूलतज्ज्ञ महिनाअखेरीला मुलीकडे कायमचे राहायला जाणार. आमच्या चौघांच्या वाइन मंडळाचे ते संस्थापक, यजमान, आणि जुन्या बोर्दोने, म्हणजे फ्रान्सच्या लाल वाइनने, भरलेल्या थंड कपाटाचे मालक. आयुष्यभर लोकांना बेशुद्ध करून जे कमावलं, ते सगळं त्या कपाटात आडवं ठेवलंय. दर वर्षी एकदाच ते उघडतं. विमानातून काही ते नेता येत नाही. म्हणून पंधरा तारखेला शेवटचं जेवण, स्टेक आणि बोर्दो, आणि तेव्हाच ते सांगणार कपाट कुणाला. ज्याला खरी कदर आहे त्याला, एवढंच फोनवर म्हणाले.

म्हणजे मला. बाकी उरतं कोण? एक वकील, ज्याला आम्ही तहकूब म्हणतो, कारण तो स्वतःच्या वाढदिवसालाही पुढची तारीख देतो. दुसरा माझा मेव्हणा, आर्किटेक्ट. वाइन कशी आहे विचारलं की ‘मस्त’ म्हणतो. फारच आवडली तर ‘एकदम मस्त’.

संकल्प: रोज सकाळी नाकाचा रियाज.

५ मार्च
रियाज सुरू. कॉफीच्या डब्यात नाक खुपसून बसलो. शून्य. नवा डबा फोडला. तोही शून्य. हल्लीच्या मालात दमच राहिलेला नाही. कंपनीला खरमरीत मेल लिहिला. बायको म्हणाली, तिला तर कॉफीचा वास बाथरूममध्ये आला. असेल. शेजारी काय शिजतंय तेही तिला कळतं. त्याला चौकसपणा म्हणतात, नाक नव्हे.

तिचं टुमणं चालूच: जानेवारीतल्या तापानंतर तुझ्या नाकाचं काहीतरी बिनसलंय, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. मी समजावलं की नाक बिनसलेलं नाही, चोखंदळ झालंय. किरकोळ वास ते आता घेतच नाही.

८ मार्च, शनिवार
टोस्ट लावून पेपर वाचत बसलो होतो. बायको ओरडत आली, टोस्टरची पिन उपटली, सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हणाली, घर पेटलं असतं. अतिशयोक्ती. धूर मला दिसत होता, पण चष्म्याची काच धुरकट झाली असं वाटून मी ती पुसत होतो. चष्म्याच्या दुकानदाराला दुसरं काय वाटणार?

टोस्ट खाल्ला. काही वाईट नव्हता.

१० मार्च
दुकानात एक आजोबा आले. मोठी अक्षरंही वाचता येईनात, तरी हट्ट एकच, की तुमचा तक्ताच पुसट छापलाय. मुलीने समजावलं, मी समजावलं. तक्ता बदला म्हणाले. नंबर वाढलाय हे कबूल करायला माणसाला इतकं जड का जावं? देवाने दिलेलं एखादं इंद्रिय म्हातारं होतं, त्यात लाजायचं काय? घरी येईपर्यंत त्यांची कीव करत होतो.

१२ मार्च
रियाजात बदल. वास घेण्यापेक्षा शब्द पाठ करणं जास्त उपयोगी, कारण वास काय, कुणालाही येतो. जुन्या बोर्दोचे शब्द: काळ्या मनुका, देवदार, तंबाखू, जुनं चामडं, पेन्सिलीचं टोक. आरशासमोर म्हणून पाहिले. ‘पेन्सिलीचं टोक’ म्हणताना डोळे मिटायचे. ‘देवदार’ म्हणायच्या आधी थोडं थांबायचं.

वय ओळखण्याची मला धास्ती नाही. जुनी बोर्दो ग्लासच्या कडेला विटकरी होते. इतका बारीक रंग ओळखणारा डोळा आख्ख्या मंडळात माझ्याकडेच आहे.

मेव्हण्याचा फोन. स्टेक तो भाजणार आहे. विचारत होता, कपाट मिळालं तर ठेवशील कुठे. मी म्हणालो, तू कशाला काळजी करतोस. तो म्हणाला, काळजी नाही, मोजमाप घ्यायला येऊ का. शरण आलाय.

१४ मार्च, शुक्रवार
उद्या. दाढी आजच केली. उद्या साबण, आफ्टरशेव्ह, काही नाही. घरातही कुणी अत्तर लावायचं नाही असं फर्मान काढलं. बायको म्हणाली, मी आत्ता लावूनच आलेय, तुझ्या शेजारी बसलेय. हे मुद्दाम चालतं तिचं.

कपाट मिळाल्यावर करायच्या भाषणाचा मसुदा तयार. नम्र आहे. दोन पानं.

१६ मार्च, रविवार
जिंकलो!

नीट, क्रमाने लिहितो. बाटल्या नेहमीप्रमाणे फुटबॉलच्या लांब मोज्यांत घातलेल्या. कुठली कोणती ते कळू नये म्हणून. पहिलं कोण बोलणार त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव आलं. मंडळाचा जुना नियम आहे की ताटं रिकामी होईपर्यंत पहिल्या बोलणाऱ्याला कुणी खोडायचं नाही. तहकूब आणि मेव्हण्याची एकदा एका घोटावरून बोलचाल बंद झाली होती, तेव्हापासूनचा.

मोज्यातून बाटल्यांच्या माना दिसत होत्या. बुचं किंचित वर आलेली, मानेवरून तपकिरी चिकट ओघळ. इतरांच्या ते लक्षातही आलं नसेल. मी लगेच सांगितलं की हे परिपक्वतेचं लक्षण. वाइन इतकी तयार झालीय की तिला आता आत राहवत नाही. भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघतच राहिले.

पहिला ग्लास. डोळे मिटले. पेन्सिलीचं टोक. दुसरा. काळ्या मनुका, मागून तंबाखू. तिसऱ्याला मी थांबलो, सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणालो, देवदार. मग दहा-बारा मिनिटं बोललो. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी अनुभवली नाही. मेव्हण्याने एक घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मस्त’ हा शब्दही सुचला नाही त्याला. तहकूबने आपला ग्लास हळूच फुलदाणीत रिकामा केला. नवशिक्यांना एवढी खोली झेपत नाही. भूलतज्ज्ञांनी चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले.

स्टेक मात्र फसला. गरम रबर. मेव्हण्याची लाज राखायला काही बोललो नाही. बाकीच्यांनी दोनदा घेतला, तोही त्याचं मन राखायलाच.

ताटं संपल्यावर भूलतज्ज्ञांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, कपाट तू ने, आतल्या सगळ्या बाटल्यांसकट. माझ्याच्याने काही ते होणार नव्हतं. निरोपाचं दुःख, दुसरं काय. मी वळून विचारलं, कुणाची हरकत? तहकूब चटकन म्हणाला, अजिबात नाही. त्याने जन्मात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचा निकाल जागच्या जागी लावला.

भाषण करायला उभा राहिलो तर सगळे कोट घालत होते.

१८ मार्च
कपाट आलं. इस्त्रीचं टेबल गॅलरीत हलवून तिथे ठेवलं. बायको सकाळपासून बोलत नाही.

भूलतज्ज्ञांचा फोन. म्हणाले, चालू करायची घाई करू नकोस, उगाच वीज जळेल. वयाचा परिणाम. मी अर्थातच तत्काळ चालू केलं आणि बारा अंशांवर लावलं. आतून निळा दिवा लागतो. जेवताना तोंड कपाटाकडे करून बसलो.

२१ मार्च
अध्यक्ष या नात्याने पहिलं जेवण शनिवारी ठरवलं. भूलतज्ज्ञ जाण्याआधी एकदा माझ्या घरी बोर्दो व्हायला हवी. मेव्हणा म्हणाला, पोट बिघडलंय. कधी बिघडलं विचारलं, तर म्हणाला शनिवारी. तहकूबने पुढची तारीख दिली, मग त्याच्याही पुढची. भूलतज्ज्ञ सामान बांधताहेत. आपल्या माणसाचं यश कुणालाच बघवत नाही.

२३ मार्च, रविवार
बायको बोलली. बोलली नसती तर बरं झालं असतं.

भूलतज्ज्ञांच्या बायकोने तिला सगळं सांगितलंय. गेल्या उन्हाळ्यात दोघं दोन महिने मुलीकडे होते. भूलतज्ज्ञांची आयुष्यभराची सवय, की ऑपरेशन संपलं की सगळी यंत्रं स्वतःच्या हाताने बंद करायची, मगच खोली सोडायची. त्याच शिस्तीत त्यांनी निघताना घराचा मेन स्विच बंद केला. बंद घरात, भर उन्हाळ्यात, दोन महिने ते कपाट तापत राहिलं. परत आल्यावर त्यांनी ते गुपचूप चालू केलं आणि कुणाला सांगितलं नाही. एखादी तरी वाचली असेल अशी आशा होती बिचाऱ्यांना. ज्याला जाण आहे तो ती निवडेल, असं म्हणून जेवण ठरवलं. पंधराला पहिल्याच घोटात तिघांना कळलं की सगळं शिजलंय. आणि तेवढ्यात मी बोलायला लागलो, आणि नियमाप्रमाणे कुणाला खोडता येईना. स्वतःच्या हाताने मोरीत ओतणं भूलतज्ज्ञांना जमत नव्हतं. म्हणाले, एकाला तरी आवडतेय, तर नेऊ दे.

मी म्हणालो, बायकांच्या गप्पा. लगेच एक बाटली फोडली. बूच न ओढताच वर आलं. ग्लास फिरवला, हुंगलं. शांत वाइन. अतिशय शांत. बायकोपुढे धरलं तर ती तोंडाला पदर लावून खिडकीकडे गेली.

नाटकी आहे आधीपासून.

२४ मार्च
रात्रभर विचार केला. यात दोनच शक्यता. एक, तिघांचीही नाकं एकाच वेळी बिघडली. दोन, कट. पहिली जास्त संभवते. साथीचा ताप होताच.

प्रश्न असा की ते तिघे आहेत आणि मी एकटा. पुरावा हवा. बायको म्हणते त्याच डॉक्टरीणबाईंकडे जाणार, नाक ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट घेणार आणि भूलतज्ज्ञ विमानात बसायच्या आत त्यांच्या हातात ठेवणार. बायको इतक्या लगेच हो म्हणाली की मलाच थोडा संशय आला. शुक्रवारची वेळ मिळाली.

२६ मार्च
उगाचच बायकोची शाल हुंगली. पूर्वी तिला एक वास असायचा. कुठला ते आठवत नाहीये. शाल बदलली असेल.

२८ मार्च, शुक्रवार
बायको सोबत आली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. नाकात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाल्या, चार छोट्या बाटल्या देते. डोळे मिटून हुंगा आणि काय आहे ते सांगा. येत नसेल तर येत नाही म्हणा, त्यात काही कमीपणा नाही. मी हसलो. त्यांना म्हणालो, तुम्ही योग्य माणसाकडे आला आहात.

पहिली: काळ्या मनुका. दुसरी: जुनं चामडं. तिसरीला जरा वेळ घेतला. पेन्सिलीचं टोक, किंचित तंबाखू. चौथी हुंगली आणि उगीच हुरूप आला. म्हणालो, ही यातली सर्वांत गुंतागुंतीची, हिच्यात देवदार आहे, फार मागे, पण आहे.

डोळे उघडले. बाई खाली मान घालून लिहीत होत्या. पहिली लवंग होती म्हणाल्या. दुसरी कांदा. तिसरी रॉकेल. चौथीत काय होतं ते त्या सांगेनात. मी आग्रह केला. पाणी होतं, म्हणाल्या. नुसतं.

त्या खोलीतून कुठेतरी नाहीसं व्हावंसं वाटलं, आणि मग ते पंधरा तारखेचं टेबल आठवलं. तिघे खाली माना घालून बसले होते. ते माझं मन राखत होते. एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. नाक परत येईल का विचारलं. बाई म्हणाल्या, येतं कधी कधी, सांगता येत नाही.

मग केसपेपर भरायला घेतला. विचारलं, त्रास कधीपासून.

मी म्हणालो, आजपासून.

बायको म्हणाली, जानेवारीपासून.

बाईंनी बायकोचं लिहून घेतलं.